बाईसाहेबांचा कोट

कपडे शिवायचं दुकान बंद केल्यावर पहिल्याच महिन्यात मास्तरांनी घरातले सगळे पडदे आखूड केले. पडद्यांची काही तक्रार नव्हती. ते वर्षानुवर्षं जमिनीला टेकून सुखाने लोळत होते, आणि घरातली बरीचशी धूळ त्यांच्या आडोशाला नांदत होती. पण हात रिकामे राहिले की मास्तरांना सगळं जग सैल वाटायला लागायचं. पडद्यांमागोमाग उशांचे अभ्रे घट्ट झाले. मग बायकोच्या ॲप्रनला आतून एक चोरखिसा लागला. त्यात काय ठेवायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. एका दुपारी ते गळ्यात टेप घालून सोफ्याभोवती फिरू लागले, तेव्हा बायकोने चष्मा काढून ठेवला.

"अहो, मी जरा वेळ हलले नाही तर माझीही उंची कमी कराल तुम्ही. बाहेर पडा."

"जाऊ कुठे?"

"जिथे माणसांनी कपडे घातलेत अशा कुठल्याही ठिकाणी जा."

गल्लीच्या टोकाला सायकलचं दुकान होतं आणि त्याच्यावर एक लांबलचक खोली. तिथे दर शनिवारी दुपारी मुलांचा एक वर्ग भरायचा. तो चालवणाऱ्या ताई पूर्वी इस्पितळात लोकांकडून व्यायाम करून घ्यायच्या, आणि त्यांचे कोट मास्तरांच्या दुकानात शिवले जायचे. मास्तरांना चेहरे लक्षात राहत नसत, खांदे राहत. जिन्याच्या तोंडाशी ताई दिसल्या तेव्हा कशा आहात, काय चाललंय, असलं काहीही न विचारता ते म्हणाले, "उजवा खांदा अजून उतरलेलाच आहे तुमचा."

"मास्तर," ताई म्हणाल्या, "शनिवारी तुम्हाला काही काम असतं का हो?"

मास्तरांनी सोफ्याचा विचार केला आणि नाही म्हणाले.

वर डाउन सिंड्रोम असलेली मुलं यायची आणि त्यांच्याबरोबर त्यांचे आईबाप. जिना चढता चढता ताईंनी थोडक्यात समजावलं, की या मुलांच्या शरीरातल्या पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्तीचं असतं.

"म्हणजे कमी काही नाही?"

"नाही. जास्तीचं आहे, त्याचाच सगळा घोळ."

"कापडातही तेच होतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्यापुरता तो विषय तिथे मिटला.

खोलीत पाय ठेवल्यावर मात्र त्यांना वेगळंच काही दिसलं. सगळ्या मुलांच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. कुणाच्या दोनदा, कुणाच्या तीनदा, एकाची तर मनगटाशी टायरसारखी वळकटी झालेली. तयार कपडे शिवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूल असतं, लांब हातांचं आणि बारीक मानेचं. ते मूल प्रत्यक्षात कुणी पाहिलेलं नाही, पण सगळी दुकानं त्याच्याच मापाच्या कपड्यांनी भरलेली असतात. या मुलांचे हात जरा आखूड, माना आखूड आणि भरलेल्या, बोटं लहान. कॉलर काचायची, बाह्या सांडायच्या, आणि आया दुमडत राहायच्या. मास्तरांनी सगळ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. इतकं काम एकत्र पाहून त्यांना भरून आलं.

पुढच्या शनिवारी खिडकीखाली त्यांचं मशीन आलं.

त्या खोलीतली दुपार इतर दुपारींपेक्षा हळू चालायची. जिन्यातून रबराचा आणि तेलाचा वास वर यायचा, खाली कुणीतरी चाक फिरवून बघायचं आणि त्याची टिकटिक जमिनीतून तळपायांना लागायची. उंच खिडक्यांमधून उन्हाचे पट्टे आत यायचे आणि त्यात कापडाचे तंतू तरंगायचे, घाई नसल्यासारखे. ताई मुलांना चेंडूंवर बसवायच्या, गाणी म्हणून घ्यायच्या, ओठ आणि जीभ हलवायचे खेळ करायच्या. शेजारच्या छोट्या खोलीवर 'पालक संवाद' अशी पाटी होती. आत संवाद फारसा होत नसे, पालक झोपायचे. आठवडाभराची झोप ते तिथे खुर्च्यांवर बसून वसूल करायचे, आणि वर्गाने समाजासाठी केलेलं सर्वांत मोठं काम तेच होतं, असं ताईंचं खासगी मत होतं. त्यांत एक बस चालवणारे गृहस्थ होते. ते ताठ बसून झोपायचे, दोन्ही हात हवेत गोल धरून, आणि मधूनच त्यांचा उजवा पाय हलकेच ब्रेक दाबायचा.

मुलांना माप देणं फार आवडलं. पहिल्या शनिवारी ज्यांचं माप झालं ती दुसऱ्या शनिवारी पुन्हा रांगेत उभी. मास्तरांनी कुणालाही परत पाठवलं नाही. छाती, बाही, गळा, सगळं नव्याने घ्यायचे आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "एका सुताने वाढलास." ते मूल त्या वाढलेल्या सुतासह खोलीभर मिरवायचं.

या सगळ्यांवर हुकूम चालायचा तो बस चालवणाऱ्या गृहस्थांच्या मुलीचा. वय नऊ-दहाच्या आसपास, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाचे हात आणि बूट तपासायची सवय. तिला सगळे बाईसाहेब म्हणायचे. बाईसाहेबांचं बोलणं जाड होतं, शब्द तोंडात जरा अडकून बाहेर यायचे, पण हुकूम कळायला कधी कुणाला अडचण आली नाही. लहानथोर सगळ्यांना त्या अरेतुरे करायच्या.

"मास्तर. हात दाखव."

मास्तरांनी दाखवले.

"शाई."

"खडू आहे तो, बाईसाहेब. निळा खडू."

"धू."

मास्तर हात धुऊन आले. दुकानाच्या सबंध काळात त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. बोललं असतं तर त्याची पँट आणखी दोन महिने झाली नसती.

बाईसाहेबांची आई पोस्टात खिडकीवर बसायची. एका शनिवारी ती झोपायला न जाता मास्तरांच्या टेबलाशी आली आणि तिथे पडलेल्या चिंध्यांच्या घड्या घालायला लागली. मनात काही असलं की तिला हाताला चाळा लागायचा.

"मास्तर, हिला शाळेत घ्यायचं म्हणताहेत. साध्या शाळेत. यांची बस जाते ना समोरून, तीच."

"मग चांगलं आहे की."

"अजून घेतलेलं नाही. मोठ्या बाईंनी सोमवारी बोलावलंय. त्या म्हणाल्या, शिकवायला आमची ना नाही, पण प्रत्येकाच्या मागे फिरायला आमच्याकडे माणूस नाही. तिचं तिला करता आलं पाहिजे." तिने एक चिंधी चौथ्यांदा घडी घातली. "शाळेचा कोट लागतो. निळा, काळ्या बटणांचा. तुम्ही शिवाल?"

"शिवीन."

"तिचा तिला घालता यायला हवा, एवढं बघा."

"त्याची काळजी सोडा," मास्तर म्हणाले, आणि ते शब्द त्यांनी मनावर घेतले. तिथेच सगळं बिघडलं.

कारण बाईसाहेबांना बटणं लावताना मास्तरांनी पाहिलं होतं. वर्गात एक कापडी बाहुली होती, तिच्या जाकिटाला मोठी बटणं. बाईसाहेब ती मांडीवर घेऊन बसायच्या, जीभ बाहेर काढून. बोटांना जोर बेताचा. बटण ओल्या साबणासारखं निसटायचं, काजाच्या तोंडापर्यंत जायचं आणि परत यायचं. ज्याने आयुष्यभर बटणं टाचली त्याला हे बघवेना. मास्तर दर वेळी तोंड फिरवून मशीनकडे वळायचे, आणि त्यामुळे पुढे काय व्हायचं ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

कोट त्यांनी घरी शिवला. आयुष्यात जज्जांचे, गवयांचे, नवरदेवांचे कोट शिवून झाले होते, पण इतकी मान मोडून त्यांनी क्वचितच कुणासाठी काम केलं असेल. मानेशी शिवण येऊ दिली नाही, कारण बाईसाहेबांना तिथे काही टोचलेलं खपत नसे. बाही जिथे खांद्याला जोडतात तो मुंढा जरा मोकळा ठेवला. आणि मग त्यांनी आपली करामत केली. समोरच्या पट्टीच्या आत, मुलांच्या बुटांना असते तशी चिकटपट्टी शिवली. बटणं वरून टाचून टाकली, कायमची. प्रत्येक बटणापाशी रेशमी दोऱ्याने काजाचं नुसतं चित्र काढलं, इतकं हुबेहूब की जवळून बघूनही कळू नये. कापडाला भोक एकही नाही. तळहाताने वरून खाली दाबलं की कोट बंद.

"बघ," त्यांनी बायकोला दाखवलं.

तिने दाबून पाहिलं, मग ओढून पाहिलं. चर्र आवाज झाला. "छान आहे. तिला सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात? घातला की कळेल."

"मलाही घातल्यावरच कळलं होतं तुम्ही कसे आहात ते," बायको म्हणाली आणि दिवाणखान्यात निघून गेली. आपल्याला नेमकं कुणी कधी घातलं होतं, हे मास्तरांना उमगलं नाही. तिच्या बोलण्यातलं निम्मं त्यांनी असंच शिलकीत ठेवलेलं होतं.

शनिवारी कोट अंगावर घालून पाहणं झालं. बाईसाहेब आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि मास्तरांनी स्वतःच्या हाताने पुढून कोट बंद केला. झटकन, कुणाच्या लक्षात यायच्या आत. कोट असा बसला की ताईंनी गाणं थांबवलं. बाईसाहेब स्वतःकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग आरशातल्या मुलीला म्हणाल्या, "हात दाखव." आरशातलीने दाखवले. स्वच्छ होते.

आता मास्तरांच्या दुकानाचा एक कायदा होता, आणि तो दुकानापेक्षाही जुना, त्यांच्या गुरूकडून आलेला होता. नवा कपडा इस्त्री करून तपकिरी कागदात बांधायचा, त्याच कापडाच्या किनारीची गाठ मारायची, आणि ज्या दिवशी घालायचा त्याच दिवशी ती सोडायची. अगोदर सोडली तर घडी मोडते. एका नवरदेवाने उतावीळपणे आदल्या दिवशी पुडकं सोडलं होतं, त्याला मास्तरांनी पुन्हा इस्त्री करून दिली नव्हती. लग्न काही मोडलं नाही, पण कोटाला चुण्या होत्या ते होत्याच.

"सोमवारी सकाळी," मास्तरांनी पुडकं आईच्या हातात देत सांगितलं. "तोवर नाही."

"मला एकदा घरी..."

"सोमवारी," मास्तर म्हणाले.

सोमवारी दुपारी ते आरामखुर्चीत डुलकी घेत होते आणि त्यांना स्वप्न पडत होतं. एका लांब रस्त्याने कोट चालले होते. निळे, करडे, काळे, सगळे त्यांनीच शिवलेले, सगळे नीट बंद. आत कुणीच नव्हतं. कोट एकमेकांना वाट देत होते, कोपऱ्यावर थांबत होते, एकाने तर बाही उंचावून बसही थांबवली. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहून विचारत होते, माणसं कुठे आहेत? एक कोट थांबला, वाकला आणि दारावर टकटक करावी तसा आवाज आला.

टकटक खरीच होती. दारात बाईसाहेबांची आई उभी होती, एकटी. हातात पुडकं, गाठ सुटलेली.

बायकोने तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मास्तर, कोट फार चांगला बसलाय."

"घेतलं का मग शाळेत?"

"बटणं लागत नाहीत."

"लावायचीच नाहीत ती. नुसतं दाबायचं..." मास्तर उठून दाखवायला गेले, आणि तिच्याकडे बघून तसेच उभे राहिले.

"वर्ष झालं मी तिला बटणं शिकवतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. खिडकीवर तिकिटं संपली म्हणून सांगताना लागतो तसा तो सपाट होता. "रोज सकाळी. माझी बस चुकली तरी मी तिच्या बटणाला हात लावत नाही. बाहुलीची बटणं ती दर शनिवारी सगळी लावते. वेळ लागतो, पण लावते. मोठ्या बाईंना तेच तर दाखवायचं होतं. घडी मोडायला नको म्हणून पुडकं मी तिथेच सोडलं. त्यांनी कोट खुंटीला अडकवायला सांगितला, मग घालायला सांगितला आणि म्हणाल्या, लाव बाळ बटणं. ही शोधत बसली. भोक शोधत बसली हो. पहिलं सोडून दुसऱ्याला गेली, मग तिसऱ्याला. मलाही कळेना काय होतंय."

आखूड पडद्यांखालून ऊन आत येत होतं आणि तिच्या चपलांवर पडलं होतं.

"मग म्हणाली, आई, मी विसरले." तिने पुडकं टेबलावर ठेवलं. "शाळेने नाही म्हटलेलं नाही. सत्र सुरू व्हायच्या आधी एकदा परत या म्हणाल्या. पण आता घरी आल्यापासून ती हात पसरून उभी राहते. मीच लावायची. म्हणते, मला येत नाही."

ती गेल्यावर बायको बराच वेळ गप्प होती. ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की मास्तरांनाच राहवेना.

"बोल काय ते."

"काही नाही. पडद्यांसारखंच झालं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "चहा ठेवते."

शनिवारी मास्तर कोट घेऊन गेले. बाईसाहेब दारात तपासणीला उभ्या नव्हत्या. कुणाचेही हात कसेही आत जात होते. त्या खिडकीखाली बसल्या होत्या, आणि बाहुली शेल्फवर होती.

मास्तर गुडघे कुरकुरवत त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. जमिनीवर बसून त्यांना काही वर्षं झाली होती. परत कसं उठायचं हा विचार त्यांनी पुढे ढकलला.

"बाईसाहेब, हे बघा." त्यांनी कोट मांडीवर पसरला. "इथे भोक आहे का?"

बाईसाहेबांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"बोट घालून बघा."

बऱ्याच वेळाने एक लहान, जाडसर बोट पुढे आलं. काजाच्या चित्रावरून फिरलं. परत फिरलं.

"नाही."

"आणि इथे?"

"नाही."

"कुठेच नाही. मी केलंच नाही. तुम्ही विसरला नव्हता. विसरलो मी."

बाईसाहेबांनी चष्मा वर सारला आणि मास्तरांकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, गळ्यात टेप, आणि भोकं करायला विसरला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं त्याला दयाच म्हणायला हवं.

"वेडा," त्या म्हणाल्या.

"हो."

मग दोघांनी मिळून चिकटपट्टी काढली. मास्तरांनी टाके उसवायचे आणि बाईसाहेबांनी ओढायचं. चर्र आवाज त्यांना पसंत पडला, त्यामुळे एकच पट्टी पुन्हापुन्हा लावून ओढण्यात बरीचशी दुपार गेली. पलीकडच्या खोलीत बस चालवणाऱ्यांनी झोपेतच गिअर बदलला.

काजं मास्तरांनी हाताने करायची ठरवली. मशीनवर करता आली असती. पण हाताचं काज वेळ खातं, आणि तेव्हा त्यांना वेळ खाणारंच काहीतरी हवं होतं. पहिलं झाल्यावर त्यांनी कोट पुढे केला, डावीकडच्या पट्टीवर बटण टाचलं, आणि सुईत दोरा ओवत, वर न बघता म्हणाले, "काज बरोबर झालंय का, ते तपासायला माणूस लागतो. दुकानात होता माझ्याकडे. आता कुणी नाही."

हे साफ खोटं होतं. दुकानात मास्तरांचं काम तपासायची कुणाची छाती नव्हती.

बाईसाहेबांनी आधी मास्तरांचे हात तपासले. मग कोट मांडीवर ओढला. जीभ बाहेर आली. बटण काजाशी गेलं, निसटलं, परत गेलं. मास्तरांची मान सवयीने मशीनकडे वळायला लागली, ती त्यांनी अर्ध्यावर थांबवली. खाली दुकानात कुणीतरी चाक फिरवलं. ते गरगरलं, मंदावलं, त्याची टिकटिक मोजता येईल इतकी सावकाश झाली आणि थांबली. उन्हाचा पट्टा एका फरशीवरून दुसरीवर सरकला. तरंगणारे तंतूसुद्धा काही काळ जागच्या जागी राहिल्यासारखे वाटले. आणि मग बटणाची कड काजातून वर आली, नखाएवढी. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती धरली आणि ओढली.

मास्तरांनी हा भाग पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"घट्ट," बाईसाहेब म्हणाल्या.

"काय?"

"घट्ट आहे. परत कर."

मास्तरांनी बटण घालून पाहिलं. काज काही घट्ट नव्हतं. पण ज्याला तपासायला नेमलं त्याच्याशी वाद घालायचा नसतो. त्यांनी टाके उसवले आणि एका सुताने मोठं करून पुन्हा केलं. पुढच्या शनिवारी दुसरं झालं आणि तिसरं. प्रत्येक काज तपासल्याशिवाय पुढचं कापायचं नाही, असा बाईसाहेबांचा हुकूम सुटला. एकदा तपासून भागत नसे. बटण आत, बाहेर, पुन्हा आत. दारावरची हातांची तपासणीही परत सुरू झाली, आणि मधल्या काळात सैलावलेल्या काही पालकांची पंचाईत झाली.

कॉलरच्या आत एक जादा बटण शिवून ठेवायची मास्तरांची पद्धत होती, हरवलं तर असावं म्हणून. बाईसाहेबांनी बटणांच्या डब्यातून लाल निवडलं.

"शाळेत काळंच लागतं हो."

"आत आहे."

"पण हरवलं तर लाल लावावं लागेल."

"नाही हरवत," बाईसाहेब म्हणाल्या. लाल बटण आत लागलं.

या वेळी पुडकं नव्हतं. मास्तरांनी कोट कागदाशिवाय, गाठीशिवाय, तसाच आईच्या हातात दिला. तो घरी रोज घातला गेला. घडी मोडली, कोपराशी चुण्या पडल्या, खिशाजवळ कशाचा तरी डाग लागला. मास्तरांनी ते पाहिलं आणि इस्त्रीचं नाव काढलं नाही.

"सोमवारी येता का तुम्ही?" आईने विचारलं. "यांची त्या वेळी फेरी असते. मला एकटीला धीर होत नाही."

"मी येऊन काय करू?"

"काही नाही करायचं. हात खिशात ठेवायचे."

त्या सोमवारी मास्तर उजाडायच्या आधीच उठले, दिवा न लावता कपडे केले आणि स्वतःचा जुना करडा कोट चढवला. बायकोने पांघरुणातून एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, मग तिने विचार बदलला आणि कूस बदलली.

शाळेच्या लांब बोळात खुंट्यांची रांग होती, मुलांच्या उंचीवर. मोठ्या बाई करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या, मनगटावर घड्याळ उलटं बांधलेल्या. वाईट बाई नव्हती ती. तिच्या शाळेत खुंट्या थोड्या होत्या आणि मुलं पुष्कळ, एवढंच. मास्तर काचेच्या दाराबाहेर थांबले. दोन्ही हात खिशात.

"चल बाळ," मोठ्या बाई म्हणाल्या. "कोट काढ, अडकव, मग घाल आणि बटणं लाव."

बाईसाहेबांनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. आईने डोळे मोठे केले म्हणून तपासणी टळली.

कोट निघाला, खुंटीवर गेला, खुंटीवरून परत अंगावर आला. बाईसाहेबांनी खालून सुरुवात केली. पहिलं बटण गेलं. दुसरं निसटलं, पुन्हा गेलं. खिशात मास्तरांची बोटं आपोआप चालत होती, हवेतली बटणं हवेतल्या काजांत घालत होती. मोठ्या बाईंनी घड्याळात पाहिलं. शाळेची घंटा झाली, बोळातून वर्गचे वर्ग गेले, एक मूल थांबून बघायला लागलं तेव्हा त्याच्या बाईंनी त्याला ओढून नेलं. बाईसाहेबांना हे काही ऐकू आलं नाही. त्या तिथे होत्या जिथे त्या, एक बटण आणि एक काज याखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि काचेपलीकडे उभ्या मास्तरांनाही वाटलं, की आपणही तिथेच कुठेतरी आहोत.

सगळी बटणं लागली. आणि मग वर गळ्याशी एक काज उरलं, त्याला बटण नव्हतं. खाली एक बटण उरलं, त्याला काज नव्हतं. सुरुवातच एक घर सोडून झाली होती. कोट एका अंगाला वर चढला होता.

आईचा हात पुढे झाला आणि हवेत राहिला. मास्तरांनी खिशातलं अस्तर मुठीत धरलं.

"असू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "चालेल. तशी लावलीस तू."

बाईसाहेबांनी मान खाली घालून कोटाकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं."

आणि त्यांनी वरून एकेक करत सगळी बटणं काढली. कपाळ पुसलं, चष्मा सारखा केला. सगळ्यांत खालचं बटण धरलं, सगळ्यांत खालचं काज शोधलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मोठ्या बाईंनी पुन्हा मनगट वळवलं. पण या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी मुलांच्या बाकावरचं दप्तर सरकवलं आणि त्या खाली बसल्या, गुडघे हनुवटीशी घेऊन. बसून बघत राहिल्या. बोळात आता कुणी नव्हतं. लांबवर एका वर्गात मुलं एका सुरात काहीतरी म्हणत होती, आणि ते पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

शेवटचं बटण लागल्यावर बाईसाहेबांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. स्वच्छ होते.

"पुढच्या सोमवारपासून पाठवा," मोठ्या बाई आईला म्हणाल्या. बाकावरून उठायला त्यांना जरा त्रास झाला. "पण घरून लवकर निघत जा."

फाटकाबाहेर थांब्यावर बस उभी होती. वेळापत्रकाप्रमाणे ती निघायला हवी होती, निघाली नव्हती. चालकाच्या खिडकीतून बस चालवणारे गृहस्थ पार बाहेर झुकले होते, पूर्ण जागे.

"काय झालं?"

"सोमवारपासून," आई म्हणाली. "लवकर निघायला सांगितलंय."

"निघू," ते म्हणाले. "निघू की." आणि एवढं बोलून त्यांनी बसचं पुढचं दार उघडलं, मग मागचंही उघडलं, मग चुकून वायपरही लावला.

आई चढली. मास्तर पायरीवर पाय ठेवणार, तोच खालून कुणीतरी त्यांचा कोट धरला.

"मास्तर. थांब."

"काय बाईसाहेब?"

बाईसाहेबांनी त्यांच्या छातीकडे बोट केलं. मास्तरांनी मान खाली घालून पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांच्या करड्या कोटाची एक बाजू वर होती आणि एक खाली. गळ्याशी एक काज रिकामं होतं. सकाळच्या अंधारातली ती चूक अंगावर घालून ते सबंध शाळेसमोर उभे राहिले होते, आणि बायकोने एक डोळा उघडून हेच पाहिलं होतं.

"तुझं चुकलं," बाईसाहेब म्हणाल्या.

"बसमध्ये लावतो."

"नाही. इथे. सगळी काढ."

मास्तरांनी बसकडे पाहिलं. खिडक्यांमधून माणसं बघत होती, कुणी पिशव्या मांडीवर घेऊन, कुणी अर्धवट उठून. कुणीतरी विचारलं, का थांबलोय? चालकाने आरशात बघत सांगितलं, बटणं लावताहेत. त्यावर विचारणारा परत खाली बसला.

मास्तरांनी वरून एकेक करत सगळी बटणं काढली. आज बोटं जरा जड झाली होती. पहिलंच बटण निसटलं. कुणी मदतीला आलं नाही. बाईसाहेब समोर उभ्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून.

"खालून," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खालून सुरुवात केली. बसचं इंजिन हळू आवाजात चालू होतं.